थॉर्नटन यांची आकृती आणि धातु-ऑक्साइडचे थर : एक परामर्श

स्पटरिंगच्या पद्धतीने बसविलेल्या पातळ थरांविषयीचा प्रबंध उघडला, की त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात एक आकृती बहुधा हटकून भेटते. एका अक्षावर थर बसतेवेळचे तापमान आणि त्या पदार्थाचा द्रवणांक यांचे गुणोत्तर मांडलेले असते, दुसऱ्या अक्षावर आर्गॉन वायूचा दाब असतो, आणि या दोहोंच्या पटावर स्तंभांचे एक रान उभे असते. डावीकडील स्तंभ निमुळते, मधल्या भेगांनी एकमेकांपासून सुटलेले. त्यानंतरचे दाट व तंतुमय. पुढे सरळ, जाड. आणि उजव्या टोकाला पुन्हा नव्याने स्फटिक जुळून आलेले रुंद कण. ही आकृती जॉन थॉर्नटन यांची. ती १९७४ साली प्रसिद्ध झाली. इतकी सोपी, इतकी डोळ्यांना पटणारी आणि इतकी उपयोगी पडलेली दुसरी आकृती या विषयात दाखविणे कठीण आहे. परंतु झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा इंडियम-टिन ऑक्साइड यांच्या थरांवर लिहिणारे अभ्यासक तिचा आधार ज्या रीतीने घेतात, ती रीत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. थर सच्छिद्र निघाला तर तो पहिल्या विभागातला, दाट निघाला तर संक्रमण-विभागातला, असे नाव दिले की कारणमीमांसा पूर्ण झाली असे समजले जाते. वस्तुतः तेथे केवळ नामकरण झालेले असते.

मूळ लेखाचे शीर्षकही लक्षपूर्वक वाचले गेले आहे असे दिसत नाही. यंत्राची भौमितिक रचना आणि थर बसविण्याची परिस्थिती यांचा जाड स्पटर-थरांच्या बांधणीवर व पृष्ठरूपावर होणारा परिणाम, असा विषय त्या शीर्षकात सांगितला आहे. आणि या दोहोंत यंत्राची रचना आधी आलेली आहे. हा क्रम अकारण नव्हता. थॉर्नटन त्या वेळी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील टेलिक कॉर्पोरेशन या कंपनीत होते. त्यांनी वापरलेले कॅथोड दंडगोलाकार होते. काही खांबासारखे, तर काही पोकळ. खांबासमोर ठेवलेल्या वस्तूवर अणू मुख्यतः एका बाजूने येतात. पोकळ कॅथोडच्या आत ठेवलेल्या वस्तूवर ते चोहोबाजूंनी, तिरपेही येतात. तिरप्या येणाऱ्या अणूंमुळे पृष्ठावरील उंचवट्यांची सावली त्यांच्यामागील खळग्यांवर पडते, खळगे भरून निघत नाहीत आणि स्तंभांमध्ये भेगा राहतात. पहिल्या विभागाचा जन्म या सावलीतून होतो. म्हणजे जी गोष्ट आकृतीत दाबाच्या अक्षावर मांडली गेली, तिचे अर्धे मूळ यंत्राच्या आकारात होते. आकृती पुढे गेली, ग्रंथांत शिरली, प्रबंधांत पोचली. शीर्षकातील पहिला शब्द मात्र मागे राहिला.

दुसरी गोष्ट अशी, की थॉर्नटन यांचे थर धातूंचे होते: मॉलिब्डेनम, क्रोमियम, टायटॅनियम, लोह, तांबे, अॅल्युमिनियम. ऑक्साइडांचा विचार या परंपरेत मुळीच नव्हता असे नव्हे. थॉर्नटन यांच्या आधी, १९६९ साली, मोव्हचान आणि डेमचिशिन यांनी बाष्पीभवनाने बसविलेल्या जाड थरांचा अभ्यास केला, त्यात निकेल, टायटॅनियम व टंगस्टन यांच्याबरोबर अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि झिर्कोनियम डायऑक्साइड हेही होते. तीन विभागांची मूळ कल्पना त्यांचीच. थॉर्नटन यांनी तिला स्पटरिंगच्या क्षेत्रात आणताना दाबाचा अक्ष जोडला आणि पहिल्या व दुसऱ्या विभागांमध्ये संक्रमण-विभाग घातला. हे श्रेय फार मोठे आहे. पण बाष्पीभवनाच्या अभ्यासात ऑक्साइड होते आणि स्पटरिंगच्या आकृतीत नव्हते, हा तपशील आज ऑक्साइडांच्या अभ्यासकाने विसरावा हे बरे नव्हे.

ऑक्साइडच्या बाबतीत ही आकृती कोठे अपुरी पडते, हे एका साध्या हिशेबावरून दिसते. झिंक ऑक्साइडचा द्रवणांक सुमारे १९७५ अंश सेल्सियस, म्हणजे २२४८ केल्व्हिन. काच मुद्दाम न तापविता, ३०० केल्व्हिनला थर बसविला, तर तापमानाचे गुणोत्तर ०.१३ येते. टायटॅनियम डायऑक्साइडचा द्रवणांक सुमारे १८४३ अंश. त्याचे गुणोत्तर ०.१४. आकृतीवर ही दोन्ही ऑक्साइडे जवळजवळ एकाच बिंदूवर, अगदी डाव्या टोकाला पडतात, जेथे अणूंना पृष्ठावर हिंडण्याची फारशी शक्ती उरत नाही. प्रत्यक्षात काय घडते? झिंक ऑक्साइडचा थर न तापविलेल्या काचेवरही स्फटिकमय बनतो, आणि त्याच्या षट्कोनी स्फटिकांचा मुख्य अक्ष काचेला लंब राहतो. क्ष-किरण विवर्तनात एकच ठळक शिखर दिसावे इतकी ही शिस्त कडक असते. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर त्याच तापमानाला बहुधा अस्फटिकी राहतो. स्फटिक बनलेच तर अॅनाटेज व रूटाइल यांपैकी कोणते बनावे, हे येणाऱ्या कणांच्या ऊर्जेवर फार अवलंबून असते. दाब कमी व मारा जोरदार असला की रूटाइलला अनुकूलता येते. इंडियम-टिन ऑक्साइडची गोष्ट आणखी तिसरी. ते सुमारे १५० अंशांच्या आसपास अस्फटिकी अवस्था सोडते, आणि द्रवणांकाशी या अंकाचे कोणतेही साधे नाते जुळत नाही. एकाच बिंदूवरची दोन ऑक्साइडे इतकी भिन्न वागत असतील, तर त्या बिंदूने स्पष्टीकरण झाले असे म्हणता येत नाही. युलिख येथील क्लूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली झिंक ऑक्साइडपुरती ही आकृती बदलून मांडली, आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लात थर कसा कोरला जातो ही कसोटी तिला जोडली. हा मार्ग योग्य होता. एका पदार्थापुरती, एका उपयोगासाठी, एका कसोटीवर घासलेली आकृती. सर्व पदार्थांना एकच छत्र नव्हे.

मग ऑक्साइडचा थर घडतो तरी कशाने? येथे विषय रोचक होतो, आणि प्रचलित लेखनाची उणीवही येथेच उघडी पडते.

निर्वात पात्रात थोडा आर्गॉन सोडून विद्युद्विमोचन घडविले, की आर्गॉनचे आयन ऋण भाराच्या टार्गेटवर आदळतात आणि तेथील अणू उडवितात. उडालेले अणू समोरच्या काचेवर येऊन बसतात. धातूच्या बाबतीत ही हकीगत येथे जवळजवळ संपते. ऑक्साइडच्या बाबतीत टार्गेटवरून ऑक्सिजनचे ऋण आयनही निघतात. ज्या विद्युत्दाबाने आर्गॉनचे आयन टार्गेटकडे ओढले जातात, तोच विद्युत्दाब या ऋण आयनांना टार्गेटपासून दूर, सरळ काचेकडे ढकलतो. कित्येक शे इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने ते वाढत्या थरावर आदळतात, त्यातील अणू जागेवरून हलवितात, ऑक्सिजन आत घुसवितात. चुंबकीय क्षेत्रामुळे टार्गेटची झीज एका वर्तुळाकार चरात होत असते. त्या चराच्या बरोबर समोर काचेचा जो भाग येतो, तेथे हा मारा सर्वांत अधिक. अॅल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडच्या एकाच काचेवर चरासमोरच्या भागाची रोधकता इतर भागापेक्षा कित्येक पटींनी जास्त निघते, ही गोष्ट १९८० च्या दशकापासून जपानी संशोधकांच्या कामामुळे सर्वश्रुत आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी असे म्हणतात. पण ज्या पातेल्यात एका कडेचा भात शिजतो आणि दुसऱ्या कडेचा कच्चा राहतो, तेथे एका शिताची साक्ष चालत नाही. तरीही कित्येक लेखांत काचेच्या मध्यातून कापलेल्या एका चौकोनी तुकड्याची रोधकता ही 'त्या दाबाची' व 'त्या शक्तीची' रोधकता म्हणून आलेखावर चढते. तो तुकडा चराच्या समोर होता की बाजूला, हे लिहिलेले नसते. मग आलेखावरील चढउतार दाबाचा मानावा की जागेचा?

हा मारा कमी करण्याचा उपाय माहीत नाही असेही नाही. १९९० साली इशिबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम-टिन ऑक्साइडच्या बाबतीत टार्गेटवरील चुंबकीय क्षेत्र वाढवून विमोचनाचा विद्युत्दाब खाली आणला आणि थराची रोधकताही त्याबरोबर घटते असे दाखविले. वायू तोच, शक्ती तीच, काच तीच. चुंबक मात्र वेगळा. यावरून निघणारे अनुमान लहान नाही. दोन प्रयोगशाळांनी एकच वॅट व एकच पास्कल लिहिले, पण त्यांच्या चुंबकांची ताकद वेगळी असली, तर त्यांचे प्रयोग एक नव्हेत. प्रयोगाच्या परिच्छेदात शक्ती आवर्जून दिलेली असते. विमोचनाचा विद्युत्दाब, जो यंत्राच्या दर्शनी पट्टीवर बहुधा दिसतच असतो, तो क्वचित लिहिला जातो. शिवाय टार्गेट झिजत जाते, चर खोल होतो, चुंबक पृष्ठाच्या जवळ येतो आणि विद्युत्दाब उतरतो. नव्या टार्गेटवरचा पहिला नमुना आणि जुन्या टार्गेटवरचा विसावा नमुना यांत केवळ ऑक्सिजनचे प्रमाण बदलले होते, असे समजणे हा भाबडेपणा होय.

शक्तीच्या अंकाविषयीही असेच म्हणावे लागते. १०० वॅट हा अंक स्वतः काही सांगत नाही. दोन इंच व्यासाच्या टार्गेटवर तो दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ५ वॅट होतो, तीन इंची टार्गेटवर २.२ वॅट. दाबाचा अंक तर अंतरावाचून अर्धवटच असतो. एक पास्कल दाबाला, खोलीच्या तापमानाला, आर्गॉनमधील अणूचा दोन टकरींमधला सरासरी मार्ग सुमारे ७ मिलिमीटर असतो. टार्गेट आणि काच यांत पाच सेंटिमीटर अंतर असेल तर वाटेत ढोबळमानाने सात टकरी होतील, दहा सेंटिमीटर असेल तर चौदा. अणू काचेवर ताजा पोचतो की थकून पोचतो हे या टकरींवर ठरते. आणि थॉर्नटन यांच्या आकृतीतील दाबाच्या अक्षामागचा भौतिक अर्थ बऱ्याच अंशी हाच आहे. अंतर न सांगता दाब सांगणे म्हणजे पुण्याहून निघालेला मनुष्य किती वेगाने चालला ते सांगून, तो कोठे जाणार होता हे न सांगण्यासारखे आहे.

ऑक्सिजनच्या प्रवाहाविषयीचे मौन याहूनही गंभीर आहे. धातूच्या टार्गेटवरून, आर्गॉनमध्ये ऑक्सिजन मिसळून ऑक्साइडचा थर बसविताना प्रवाह हळूहळू वाढवीत नेला, तर प्रथम फारसे काही घडत नाही. बसणारा धातूच आलेला ऑक्सिजन गिळून टाकतो. मग एका बिंदूला टार्गेटचे पृष्ठच ऑक्साइडने झाकले जाते, दाब एकदम चढतो, थर बसण्याचा वेग कोसळतो. अॅल्युमिनियमच्या बाबतीत हा वेग एक-दशांशाच्या आसपास किंवा त्याखालीही येऊ शकतो. आता प्रवाह थोडा कमी केला तरी पूर्वस्थिती येत नाही. परतीची वाट निराळी असते. या हिस्टेरेसिसचे गणित उप्साला येथील सोरेन बेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. त्या गणितात ऑक्सिजनचा प्रवाह आहे, टार्गेटचे व पात्राच्या भिंतींचे क्षेत्रफळ आहे, आणि पंपाचा ओढण्याचा वेगही आहे. इतकेच नव्हे, तर पंपाचा वेग एका मर्यादेपलीकडे नेला की हिस्टेरेसिस नाहीसा होतो असे त्यातून निष्पन्न होते. तेव्हा पंप ही थराच्या जडणघडणीतली एक सामग्रीच झाली. ऑक्सिजनचा प्रवाह मिनिटाला इतके घन सेंटिमीटर, एवढेच सांगणारा लेख दुसऱ्या पंपाच्या मालकाला काय देतो?

विद्यापीठांतील पुष्कळशा कामात हा पेच टाळलेला असतो. तेथे तयार ऑक्साइडचे टार्गेट घेतात आणि १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ-वारंवारतेवर ते चालवितात. विद्युत्-अवरोधक पदार्थ स्पटर करण्याची ही युक्ती १९६० च्या दशकात रूढ झाली. ती सोयीची आहे, स्थिर आहे, आणि मंद आहे. कारखान्यात मात्र वेगाला किंमत असते. मोठ्या प्रमाणावर थर चढविणारा उद्योग अनेक ठिकाणी धातूचे टार्गेट घेतो, हिस्टेरेसिसच्या नेमक्या कड्यावर उभा राहतो, आणि प्लाझ्माच्या प्रकाशावर किंवा टार्गेटच्या विद्युत्दाबावर नजर ठेवून क्षणोक्षणी ऑक्सिजन आवरीत राहतो. या कड्यावरच्या थराविषयी प्रयोगशाळेतील शांत, सुखरूप थर फारच थोडे सांगू शकतो.

या विवेचनाला पुण्याच्या परिसरात निव्वळ तात्त्विक महत्त्व नाही. गणेशखिंडीतील विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले आणि पिंपरी-चिंचवडचा माळ कारखान्यांनी भरला. पुढे चाकणच्या बाजूला मोटारींचे कारखाने आले. भोसरीला ओर्लिकॉन बाल्झर्स या कंपनीचे, कापण्याच्या हत्यारांवर निर्वातात कठीण थर चढविणारे केंद्र आहे. चाकणजवळ सेंट-गोबेन सेक्युरिटचा मोटारींच्या काचांचा कारखाना आहे. मोटारीच्या काचेवर उष्णता परतविणारा थर, दिव्याच्या परावर्तकावरील धातू झाकणारा थर, वायू ओळखणाऱ्या संवेदकाचा थर, या सर्व वस्तूंत धातु-ऑक्साइडांना स्थान आहे. विद्यापीठ आणि भोसरी यांत दहा-पंधरा किलोमीटरांहून अधिक अंतर नाही. परंतु नाशिक रस्त्यावरील एखाद्या लहान कारखान्यातील अभियंत्याने विद्यापीठातील झिंक ऑक्साइडचा प्रबंध हाती घेतला, आणि त्यातील शक्ती, दाब व तापमान आपल्या मीटरभर लांबीच्या कॅथोडवर लावून पाहिले, तर त्याच्या हाती काय लागेल? अंतर दिलेले नाही, चुंबक दिलेला नाही, विद्युत्दाब नाही, पंप नाही, काचेचे स्थान नाही. तापमान दिले आहे, पण तेही तापकाजवळच्या औष्णिक युग्माचे की काचेच्या पृष्ठाचे, हे संदिग्ध. अभियंता प्रबंध मिटून ठेवतो आणि शून्यापासून चाचण्या सुरू करतो. विद्यार्थ्याची चार-पाच वर्षे एका यंत्राचा स्वभाव समजून घेण्यात गेलेली असतात, आणि तो स्वभावच लिहिलेला नसतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणीने किंवा द्रावणात बुडवून ऑक्साइडचे थर बनविण्याची जी परंपरा वाढली, तिच्याशी तुलना केली तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. स्वस्त साधनांतून उभी राहिलेली ती परंपरा कमी प्रतीची मानण्याची एक प्रवृत्ती आहे. ती अन्यायाची आहे. द्रावणाची संहती, तापमान, वेळ एवढे नीट लिहिले तर बुडवून केलेला थर दुसऱ्या गावात बऱ्याच अंशी पुन्हा करता येतो, कारण चंचुपात्र सगळीकडे साधारण सारखेच असते. स्पटरिंगमध्ये पात्रच पाककृतीचा भाग होते. महागडे यंत्र आले म्हणजे ज्ञान आपोआप अधिक नेमके झाले, हा समज येथे उलटा ठरतो.

पावसाळ्याचाही विचार या लेखनात आढळत नाही. पात्र उघडले की त्याच्या भिंतींवर पाण्याची वाफ चिकटते, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत ती अधिक चिकटते. पास्कलच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत निर्वात नेला, तरी आदळणारा प्रत्येक रेणू चिकटेल असे धरल्यास तीन-चार सेकंदांत पृष्ठावर रेणूंचा एक थर बसू शकतो. प्रयोगशाळेतील मंद गतीने ऑक्साइडचा एक थर बसायलाही सुमारे तेवढाच वेळ लागतो. इशिबाशी यांच्या १९९० च्याच दुसऱ्या एका लेखात इंडियम-टिन ऑक्साइड बसविताना पाण्याची वाफ मुद्दाम सोडून तिचा परिणाम तपासला आहे. जी गोष्ट तेथे मोजून सोडली, ती येथे न मोजता आत येते. मे महिन्यातील आणि ऑगस्टमधील नमुने एकाच आलेखावर शेजारी बसतात, आणि त्यांतील फरकाचे श्रेय ऑक्सिजनच्या प्रमाणाला दिले जाते. नमुन्याची तारीख देण्याची प्रथा असती तर निदान शंका तरी घेता आली असती.

थॉर्नटन यांच्या आकृतीची दुरुस्ती करण्याचा सर्वांत धीट प्रयत्न आंद्रे आंडर्स यांनी २०१० साली केला. दाबाचा अक्ष त्यांनी काढून टाकला आणि त्याऐवजी येणाऱ्या कणांची ऊर्जा ठेवली. तापमानात कणांनी आणलेल्या स्थितिज ऊर्जेची भर घातली. तिसऱ्या अक्षावर थराची जाडी दाखविली, जी जोरदार माऱ्याखाली ऋणही होऊ शकते, म्हणजे थर बसण्याऐवजी खरवडला जातो. विचाराच्या दृष्टीने ही मांडणी मूळ आकृतीपेक्षा निश्चित वरच्या दर्जाची आहे. दाब हे कारण नसून कारणाचे एक चिन्ह होते, हे तिने स्पष्ट केले. पण तिच्या अक्षांवरील राशी सामान्य प्रयोगशाळेत मोजता येत नाहीत, आणि त्यामुळे ती प्रस्तावनेत आदराने उल्लेखिली जाते व निष्कर्षांत थॉर्नटनच परत येतात. न मोजता येणाऱ्या खऱ्या राशीपेक्षा मोजता येणारी अर्धी राशी विद्यार्थ्याला जवळची वाटते. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही.

आणखी एका शब्दाबद्दल थोडे सांगणे अवश्य आहे. 'उत्तम थर' असा उल्लेख या लेखांत सर्रास येतो, आणि उत्तम म्हणजे दाट, गुळगुळीत, स्फटिकमय असे गृहीत धरलेले असते. टंगस्टन ऑक्साइडचा थर विद्युत्दाबाने रंग बदलावा अशी अपेक्षा असेल, तर लहान आयनांना आत-बाहेर ये-जा करायला वाट हवी; तेथे सच्छिद्र, पहिल्या विभागातला, चढ्या दाबाचा थर कामाचा ठरतो. वायू ओळखणाऱ्या टिन ऑक्साइडच्या थरालाही हवा आत शिरू देणाऱ्या भेगा हव्यात. उलट काचेवरील उष्णतारोधक थरात भेग असली तर ओलावा तिच्यातून खालच्या चांदीपर्यंत पोचतो. पहिल्या दोन कामांत जो गुण, तो तिसऱ्यात अवगुण. कामाचे नाव न घेता थराला उत्तम म्हणणे हे कारखान्यातील मनुष्याला चमत्कारिक वाटले तर नवल नाही.

मोठ्या पात्रात थर चढविताना, मालाबरोबर पात्राच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत काचेच्या लहान पट्ट्या साक्षीदार म्हणून ठेवण्याची पद्धत आहे. माल बाहेर आला की प्रथम या पट्ट्यांची जाडी व रोध मोजतात, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीशी जुळते का हे पाहतात. सूक्ष्मदर्शकाच्या पाच पट्ट्या टार्गेटसमोर एका ओळीत ठेवायला प्रयोगशाळेला कोणताही नवा खर्च नाही. एका बिंदूऐवजी पाच बिंदू मिळतील, आणि त्यांपैकी चरासमोरचा कोणता हे पट्टीच्या क्रमांकावरून कळेल.